आक्काच्या पुढच्या दोन चाकांबाबत

विषय : एका जुन्या चारचाकी मोटारगाडीच्या पुढील दोन चाकांचे ड्रम ब्रेक काढून त्या जागी डिस्क ब्रेक बसविल्याची नोंद होणेबाबत.

संदर्भ : माझा अर्ज. त्या अर्जाचं स्मरणपत्र. त्या स्मरणपत्राचं स्मरणपत्र. आणि 'यापुढे स्मरणपत्रे पाठवू नयेत' असं त्यांचं पत्र, ज्याची पोच मी वेळेत दिलेली आहे.

हसताय काय मंडळी? तुम्हाला सांगतो, उभी हयात मी पाटबंधारे खात्यात कारकुनी केली, हेडक्लार्क होऊन निवृत्त झालो, कोणता अर्ज कशाच्या खाली ठेवला म्हणजे तो पुन्हा वर येत नाही हे मी नव्या लोकांना शिकवलं... आणि आज माझाच अर्ज कुणाच्या तरी टेबलावर कशाच्या तरी खाली आहे! कार्यालयाचं नाव विचारू नका. सांगणार नाही. एका कारकुनानं दुसऱ्या कारकुनाचं नाव चारचौघांत घ्यायचं नसतं, नवराबायकोसारखंच आहे ते.

पण गाडीचं नाव सांगतो. आक्का. कंपनीचं नव्हे, आमच्या घरचं. राधानगरीच्या एका बागायतदाराकडून घेतलेली, काळी, गोल पाठीची, मडगार्ड असे की पदर सावरून बसल्यासारखी वाटावी. माझ्याआधी निवृत्त व्हायला हवी होती, पण तिला कुणी सेवापुस्तक दिलं नाही म्हणून अजून कामावर. आता लोक मला काय विचारतात? रंकाळ्यावर गाडी उभी केली की एक तरी पाव्हणा येतो आणि विचारतो, "तात्या, पळती का अजून?" अहो, पळते का काय विचारता! पळते सगळ्यांचीच. थांबते कुणाची, ते सांगा!

आणि हे मी अनुभवानं बोलतोय. आमच्या विमलाबाईंची, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींची, थोरली बहीण माई पन्हाळ्यावर राहते. गुडघ्यांनी अधू आहे, गड उतरून खाली येत नाही, म्हणून धाकटीनं दर आठवड्याला वर जायचं, तिला न्हाऊ घालायचं, वेणी घालायची आणि दोघींनी मिळून माझ्याबद्दल बोलायचं, असा शिरस्ता. नेणं-आणणं आक्काकडे. चढताना कधी तक्रार नाही. पण त्या दिवशी उतरताना... आता ड्रम ब्रेक म्हणजे काय, तर चाकात एक बंद डबा, त्याच्या आत दोन पट्ट्या, पाय दाबला की पट्ट्या डब्याला आतून घासणार. बंद डब्यात घासाघीस झाली की उष्णता जाणार कुठं? घाट सगळा ब्रेकवर उतरवला, डबे तापले, वास सुटला, ही म्हणते, "अहो, भाकरी करपल्यासारखा वास येतोय," मी म्हणतो, "कुणाच्या तरी घरी करपली असेल," आणि पुढच्या वळणावर पाय दाबतो तर पाय खाली, आणि गाडी पुढं! दाबतोय... पुढं! दुसरा गिअर टाकला, पहिला टाकला, हातब्रेक ओढला, देव आठवले, खात्याचे जुने कार्यकारी अभियंता आठवले... आणि शेवटी एका शेतकऱ्याच्या गवताच्या गंजीनं आम्हाला पोटाशी घेतलं.

विमलाबाई खाली उतरल्या. केसांतलं गवत काढलं. शांतपणे. त्या शांतपणाला तेवढा मी घाबरतो. म्हणाल्या, "तुमच्या शब्दावर या गाडीत बसत आले. आता सरकारनं लिहून दिलं की ही गाडी थांबते, तरच बसेन." आणि चालत खाली जाऊन एस.टी.त बसल्या. मी गंजीत.

आता मला सांगा, कारकुनाची बायको कागद मागणार नाही तर काय हिऱ्याच्या कुड्या मागणार? बोलून चालून माझ्याच घरात पस्तीसेक वर्षं काढलेली बाई. तोंडी आदेश मान्य नाहीत! मला राग यायला हवा होता, पण खरं सांगू... अभिमान वाटला.

मग मी ग्रंथालयात गेलो. लोक तिथं निवृत्तीनंतर गाथा-पोथ्या मागतात, मी मोटारींवरचा इंग्रजी ग्रंथ मागितला. त्यात सापडलं : डिस्क ब्रेक! बंद डबा नाहीच. चाकाबरोबर फिरणारी उघडी तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणारा चिमटा. तापली तरी वारा लागतो, निवते. विलायतेत गाड्यांना हे कधीचंच आलंय. वाचलं आणि तडक उद्यमनगरात जोतीराम मिस्त्रीकडे.

जोतीराम म्हणजे... कसं सांगू... कोल्हापुरात अशी माणसं आहेत म्हणून कोल्हापूर आहे. त्याला नम्रता ही वस्तू कुणी दाखवलेलीच नाही. मी चित्र काढून दाखवलं, तर तो चित्राकडे न बघताच, "एवढंच व्हय? तात्या, आमी इंजनं वतलीत इंजनं! ही तबकडी म्हंजी काय, जेवायचं ताट की! ताट फिरतंय, चिमटा धरतोय. संपलं!" मी म्हटलं, "अरे पण मापं, धातू, तेलाचा दाब..." तर म्हणतो, "तुमी बाहेर बसून चा घ्या."

तबकड्या मात्र ओतल्या नाहीत, आणल्या. सांगलीकडं एका विलायती गाडीचा अपघात झाला होता, ती भंगारात आली होती, तिच्या. हे घरी कळलं आणि विमलाबाईंनी कारखान्यात येऊन जोतीरामला विचारलं, "ज्या गाडीला अपघात झाला, तिचेच ब्रेक आणलेत?" मी भिंतीकडं बघायला लागलो. जोतीराम काय म्हणाला माहिताय? "काकू, तिला मागनं ठोकलीया. म्हंजी ही थांबली हुती! मागची थांबली न्हाय!" मी मनात म्हटलं, पळते सगळ्यांचीच, थांबते कुणाची ते सांगा... बघा, भंगारातसुद्धा पुरावा!

बसवल्या. पुढच्या चाकांना डिस्क, मागच्या दोन चाकांना होते तेच ड्रम. चिमटा धरायला लागणारा कंस, म्हणजे ब्रॅकेट, मात्र उद्यमनगरात ओतलेला, त्यावर जोतीरामनं स्वतःचं नाव उठवलेलं, आरशात बघितल्यासारखं उलटं आलं ते सोडा. पहिल्या दिवशी गाडी थांबली... आणि थांबलीच. हलेना! ब्रेक धरला तो सोडेना. गल्लीतली माणसं ढकलतायत, आक्का जागच्या जागी. जोतीराम म्हणतो, "तात्या, थांबायला पायजे म्हनलासा. थांबली. आता चालायला पायजे हे कवा म्हनलासा?" शेवटी निघालं असं, की ड्रमच्या पद्धतीत ब्रेकच्या तेलाच्या नळकांड्यात एक छोटी झडप असते, ती थोडा दाब धरूनच ठेवते, डिस्कला ती नको. झडप काढली आणि मग मंडळी... काय सांगू! पाय टेकवला की उभी. आणि सरळ उभी! डावीउजवीकडं मान न वळवता.

गल्लीत बातमी गेली. आता कोल्हापूरकराला एखादी गोष्ट सांगून पटते होय? तालमीतनं सयाजी पैलवान आला, लाल मातीनं माखलेला, रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, "सोडा की आक्काला आमच्या अंगावर! बघू तरी!" मी म्हटलं, "पैलवान, हा वैज्ञानिक प्रयोग आहे, खडा ठेवू, पोतं ठेवू..." "पोतं काय ठिवताय? माणूस हाय की हितं!" दोन्ही फुटपाथांवर गर्दी. जोतीराम शेजारी बसून ओरडतोय, "दाबा, दाबा!" आणि मला कळेना, आता गाडी दाबू की ब्रेक दाबू... आलो, आलो, आणि दाबला! आक्का पैलवानापासून हातभर अंतरावर उभी. टाळ्या! शिट्ट्या! मी खाली उतरून नमस्काराच्या तयारीत, तर सयाजीचा चेहरा उतरलेला. "तुमी थांबिवली व्हय? मी थांबिवणार हुतो की!" पुढं आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही.

तर इतकी थांबणारी गाडी. आता फक्त कागद!

कायद्यात आहे, वाहनात बदल केला तर कळवायचं, तपासणी करून घ्यायची, नोंद करून घ्यायची. मी अर्ज लिहिला. असा अर्ज लिहिला मंडळी, की नोकरीत असतो तर मीच तो फाईलला लावताना गहिवरलो असतो. टेबलावर एक तरुण कारकून होते, त्यांना आपण बाळासो म्हणू, खरं नाव घ्यायचं नसतं. त्यांनी अर्ज वाचला. परत वाचला. आणि अत्यंत सौजन्यानं विचारलं, "तात्यासाहेब, आधीचे ब्रेक चांगले होते का?"

मी म्हटलं, "नव्हते हो! घाटात..."

"म्हणजे ब्रेक चांगले नसताना आपण वाहन रस्त्यावर आणत होता, असं नोंदवू?"

मी घाईनं म्हटलं, "छे छे! चांगले होते."

"चांगले होते, मग बदलले कशाला?"

बाहेर आलो तेव्हा ऊर भरून आला होता. सांगतो ना, आम्ही गेलो तरी खाती रिकामी झालेली नाहीत! अशी बुद्धी घडवायला पिढ्या लागतात. शेवटी दोघांनी बसून मसुदा केला, 'ब्रेक चांगले होते, तथापि अधिक चांगले करणेचे योजिले.' 'तथापि' माझा, 'योजिले' त्यांचं. अर्ज दाखल. तपासणी कुठं? तर बदल जिथं केला तिथंच, निरीक्षकसाहेब जातीनं येणार. कधी? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

इथं घोटाळा झाला. घोटाळा म्हणू नये, देवकार्य झालं.

खंडेनवमीला उद्यमनगर तुम्ही पाहिलंय का? पाहा एकदा! कारखानान् कारखाना धुतलेला, लेथ मशिनला झेंडूची माळ, ऐरणीला हळद, हातोड्यापासून पान्यापर्यंत सगळी हत्यारं पाटावर मांडलेली, आणि प्रत्येक हत्याराला तेलाचं बोट. जोतीराम आदल्या दिवशी घरी आला, "तात्या, आक्का चार दिस माझ्याकडं ऱ्हायल. आमच्या हातची पयली डिस्क हाय. पुजंला पायजेच." मी नाही कशाला म्हणू? उलट छाती फुगली. गाडी नेली, त्यानं पुढची दोन्ही चाकं काढून तबकड्या उघड्या ठेवल्या, मागं चादर बांधली, खाली रांगोळी. माणसं दर्शनाला यायला लागली!

आणि पूजा करणार कोण, तर जोतीरामची आई बायडाबाई. सगळ्या कारखान्याच्या हत्यारांना गेली कित्येक वर्षं तिनंच तेल लावलंय. ड्रम असता तर काय झालं असतं? बाहेरून डब्याला कुंकू लागलं असतं, आत काही पोचलं नसतं. पण ही तर उघडी तबकडी, चकचकीत! बायडाबाईनं हात लावून बघितलं तर कोरडी ठणठणीत. तिचा जीव कळवळला. "आरं, उघड्यावरचं लोखंड हाय, त्येला तेल न्हाय, पानी न्हाय! गंजून जाईल की लेकरा!" आणि म्हातारीनं वाटीभर तेल घेऊन दोन्ही तबकड्यांना असं चोळलं... असं चोळलं... पुढून, मागून, चिमट्याच्या सांदीत बोट घालून, जावळाच्या डोक्याला चोळावं तसं! वर हळदकुंकू. जोतीराम तेव्हा शेजारच्या कारखान्यात नारळ फोडायला गेला होता. मी घरी आपट्याची पानं निवडत होतो.

तपासणीच्या दिवशी सकाळी जोतीरामनं कुंकू तेवढं कोरड्या फडक्यानं पुसलं. मी पोचलो आणि बघतो तर तबकड्या आरशासारख्या! इतकी चकाकी मी आधी बघितली नव्हती. मी जोतीरामला म्हटलं, "वा! पॉलिश केलंस?" तो म्हणाला, "लक्ष्मीचं त्याज हाय." निरीक्षकसाहेब आले. टापटीप माणूस, जिथल्या तिथं पेन. त्यांनी वाकून बघितलं, रांगोळी पुसली जाऊ नये म्हणून बूट बाहेर काढले होते, आणि म्हणाले, "काम स्वच्छ आहे." स्वच्छ! मी आणि जोतीराम एकमेकांकडं बघून... काय ते क्षण हो!

आणि नेमक्या त्या दिवशी विमलाबाई आल्या होत्या. गाडीत बसायला नव्हे. बघायला. कारखान्याच्या दारात पदर खोचून उभ्या.

चाकं चढवली. साहेब माझ्या शेजारी बसले. गल्ली मोकळी केली. साहेब म्हणाले, "वेग घ्या. मी हात वर केला की थांबवा." वेग घेतला. साहेबांनी हात वर केला. मी पाय ठेवला. अलगद ठेवला बरं का, साहेबांच्या कपाळाला काच लागू नये म्हणून... आणि आक्का पुढं! अहो, दाबला! पुढं! लोण्यावरनं सुरी फिरावी तशा त्या तबकड्या चिमट्यातनं फिरतायत! साहेबांचा हात अजून वर. "थांबवा." "थांबवतोय साहेब!" "थांबवा!" "दाबलाय साहेब!" दोन्ही पाय! लोक टाळ्या वाजवतायत, त्यांना वाटलं साहेबांनी आशीर्वादाचा हात केलाय! सयाजी पैलवान गर्दीतनं पळत पुढं, "मी धरतो! मी धरतो!" आणि तेवढ्यात मागनं कुरकुर ऐकू आली. मागचे ड्रम! ते जुने, तापणारे, बदनाम... त्यांनी घासत, रडत, कण्हत आक्काला कसंबसं आवरलं आणि एका ओतकामाच्या कारखान्यासमोर साच्याच्या वाळूचा ढीग होता, त्यात नाक खुपसून गाडी उभी राहिली.

साहेबांनी हात खाली घेतला. बाहेर उतरले. तबकडीवर बोट फिरवलं, वास घेतला. "हे काय आहे?"

बायडाबाई पुढं! "करडीचं हाय सायेब. घरच्या घाण्याचं."

साहेबांनी बोट रुमालाला पुसलं. पेन काढलं. आणि त्यांनी जो शेरा लिहिला मंडळी, तो मी पाठ केलाय, कारण असं लेखन आयुष्यात एकदाच वाचायला मिळतं : 'वाहन थांबते. परंतु ते बदल न केलेल्या ब्रेकमुळे थांबते.'

एका ओळीत माझी सगळी केस, जोतीरामचं कौशल्य, विलायतेचं विज्ञान... सगळं निकालात! मी तो कागद तळहातावर घेऊन विमलाबाईंसमोर गेलो. म्हटलं, "बघ. सरकारनं लिहून दिलंय. 'वाहन थांबते.' शिक्का आहे. सही आहे. चल, बस." तिनं कागद घेतला, चष्मा लावला, वाचला. म्हणाली, "तुम्हीच मला शिकवलंत ना, सरकारी कागद 'परंतु'पासून वाचायचा?" आणि कागदाची घडी करून माझ्या खिशात ठेवली. पण जाताना, तुम्हाला सांगतो, वाळूत रुतलेल्या आक्काच्या टपावर तिनं हात फिरवला. हळूच. मी बघितलं.

पुढं काय, तबकड्या पेट्रोलनं धुतल्या, चिमट्यातले तेल प्यायलेले घासायचे पॅड काढून नवे घातले, बायडाबाईला समजावलं. म्हणजे समजावण्याचा प्रयत्न केला. ती अजून म्हणते, "गंजली का? न्हाय न्हवं? मग?" आणि त्या दिवसापासून आक्का अशी थांबते, की मागच्या माणसांची पंचाईत होते. भर बाजारात मी थांबलो की मागं सायकली, हातगाड्या, बैलगाड्या सगळ्यांचा एकच आरडाओरडा. आमच्या गावात थांबायची सवय कुणाला आहे? पळते सगळ्यांचीच! थांबते कुणाची, ते सांगा!

फेरतपासणीचा अर्ज मी लगेच दिला. बाळासो मला बघून उभे राहिले, खुर्ची दिली, चहा मागवला. एवढं झालं तेव्हाच मी ओळखलं, काम लांबणार. ते म्हणाले, "तात्यासाहेब, एक मुद्दा उपस्थित झालाय. तपासणीच्या वेळी ब्रेकला तेल होतं. आता नाही. म्हणजे तपासणीनंतर वाहनात पुन्हा बदल झाला. त्या बदलाचा अर्ज कुठाय?" मी म्हटलं, "अहो, ते पूजेचं तेल होतं!" ते म्हणाले, "तोच तर मुद्दा. पूजेचं तेल हा वाहनातील बदल समजावा किंवा कसे, याबाबत आमच्याकडे सूचना नाहीत. मुंबईहून मार्गदर्शन मागवलंय."

किंवा कसे! मी आयुष्यभर जे दोन शब्द लिहून लोकांना घरी पाठवलं, तेच! मी चहा संपवला, त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि घरी आलो.

आता सध्याची व्यवस्था अशी. दर आठवड्याला विमलाबाई पन्हाळ्याला एस.टी.नं जातात. माईसाठी डबा, न्हायचं तेल, लोणच्याची काचेची बरणी, हे सगळं मात्र त्या आक्कात ठेवतात, पुढच्या सीटवर, जिथं स्वतः बसायच्या तिथं, शालीत गुंडाळून. म्हणतात, "एस.टी.त फुटेल." मी एस.टी.च्या मागं मागं घाट चढतो, आणि संध्याकाळी मागं मागं उतरतो. वळणावर एस.टी. थांबली की मीही थांबतो, आणि मागच्या खिडकीतनं एक चष्मा बघत असतो, मी थांबतो का ते. बरणीला आजवर तडा गेलेला नाही.

मार्गदर्शन अद्याप आलेलं नाही. अर्ज प्रलंबित आहे.